इटालियन नर्तिकांनी बॅलेला बळ दिलं की त्याची सर्कस केली?

तिसरी घंटा (धागाकर्ता)

'स्वान लेक'च्या धाग्यावर "बॅले ही इटलीने जगाला दिलेली कला" असं विधान आलं आणि त्याला भराभर +१ पडले. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

जन्म इटलीचा, मान्य. दोमेनिको दा पियाचेन्झाने १४५५च्या सुमारास नाचावर पोथी लिहिली, १४६३मध्ये त्याचा शिष्य ग्युल्येल्मो एब्रेओने दुसरी. १४८९मध्ये तोर्तोना इथे स्फोर्झांच्या लग्नाच्या मेजवानीत ताटात येणाऱ्या पदार्थांबरोबर नाचाचे प्रवेश झाले. कातेरिना दे मेदिची १५३३मध्ये फ्रान्सची सून झाली. पॅरिसमध्ये १५८१ साली 'बॅले कोमीक द ला रेन' बसवणारा बोज्वायो मूळचा बाल्दासारे दा बेल्जोयोझो, म्हणजे इटालियनच.

पुढे काय? नृत्याची अकादमी उघडली लुई चौदाव्याने, १६६१मध्ये, पॅरिसला. पावलांची नावं फ्रेंच. आज रंगमंचावर जे टिकून आहे त्याची यादी करा. 'ला सिल्फीद' पॅरिस १८३२, 'जिझेल' पॅरिस १८४१, 'कोपेलिया' पॅरिस १८७०, 'स्लीपिंग ब्यूटी' पीटर्सबर्ग १८९०, आजचा 'स्वान लेक' पीटर्सबर्ग १८९५. इटलीत बसवलेला आणि अखंड नाचला गेलेला एक बॅले दाखवा. नृत्यरचनाकार साल्वातोरे व्हिगानो १८२१मध्ये गेला आणि त्याचं काम त्याच्याबरोबर गेलं. मग राहतो लुइजी मान्झोत्तीचा 'एक्सेल्सिअर', मिलानचं ला स्काला ऑपेरागृह, ११ जानेवारी १८८१. प्रकाश विरुद्ध अंधार असं कथानक, मंचावर ५००हून अधिक माणसं आणि पाठोपाठ आगबोट, व्होल्टाची बॅटरी, तारयंत्र, सुएझ कालवा, आल्प्समधला बोगदा. हे प्रदर्शन झालं, नृत्यनाट्य नव्हे.

आणि मग निर्यात. १८८५पासून पुढची पंधरा-सोळा वर्षं व्हिर्जिनिया झुक्की, कार्लोत्ता ब्रियान्झा, आन्तोनिएत्ता देल्लेरा, पिएरिना लेन्यानी, कार्लोत्ता झांबेल्ली अशी रांगच रशियात गेली. त्यांच्यामागून ३२ फुएते (एका पायावरच्या सलग गिरक्या) आले आणि प्रेक्षक नाच बघायचं सोडून गिरक्या मोजायला लागला. इटलीने पाय पुरवले, डोकं पॅरिस आणि पीटर्सबर्गचं होतं.

आता हाणा.

गिरकी

असहमत. वाद ३२वर असेल तर ते ३२ काय आहेत ते आधी पाहू. वरून वाटतं तशी ती एकच लांबलेली चक्कर नाही.

चौथ्या पोझिशनमधून (एक पाय पुढे, एक मागे) एक पिरुएत, म्हणजे एका पायावरची गिरकी, घेऊन सुरुवात होते. प्रेक्षकांसमोर आल्याबरोबर उभ्या पायाची टाच खाली येते, गुडघा वाकतो आणि त्याच क्षणी मोकळा पाय बाहेर फेकला जातो, हात उघडतात. मग उभा पाय पुन्हा बोटांच्या टोकावर चढतो, मोकळा पाय गुडघ्यापाशी ओढला जातो, हात मिटतात आणि शरीर फिरतं. हे ३२ वेळा, म्हणजे टाच ३२ वेळा जमिनीला लागते. दर वेळी नव्याने जोर घ्यायला मिळतो म्हणून हे शक्य आहे; एकदाच जोर घेऊन बोटावर सलग ३२ फेरे कोणीही मारू शकत नाही.

खुबी त्या खाली आलेल्या क्षणात आहे. शरीर जवळजवळ थांबलेलं दिसतं, पण फिरण्याचा जोर संपलेला नसतो. पाय समोरून बाजूला फिरत असतो आणि सगळा जोर त्याच्यात साठलेला असतो. पाय बाजूला पोचून आत आला की तो जोर धडाला परत मिळतो. रशियन पद्धतीत पाय थेट बाजूलाच उघडतात, त्यात ही साठवण कमी होते आणि मांडीचा, हातांचा जोर जास्त लागतो. इटालियन शिक्षक एन्रिको चेकेत्तीच्या पद्धतीत आधी समोर, मग बाजूला.

बिघडतं कुठे? पाय समोरच रेंगाळला तर वजन पुढे जातं, उभा पाय दर फेरीला थोडा सरकतो आणि बाई शेवटी वाद्यवृंदाच्या पिटाच्या काठावर येतात. पाय कमरेच्या उंचीवरून घसरत गेला तर साठवायला काही उरत नाही, मग ती खांद्याने ढकलायला लागते आणि अक्ष कलतो. मान उशिरा वळली तर नजरेचा ठरलेला बिंदू सुटतो. पोटरी थकल्यावर प्लिए (गुडघ्याचा वाक) उथळ होतो आणि चौथ्या आठात वाद्यवृंद पुढे, नर्तिका मागे अशी शर्यत लागते. संगीत आठ-आठच्या चार आवर्तनांचं आहे, त्यामुळे चूक लपत नाही. समेवर पाय खाली हवा म्हणजे हवाच.

लेन्यानीने हे रशियात डिसेंबर १८९३च्या 'सिंड्रेला'त दाखवलं, त्याआधी लंडनच्या अल्हाम्ब्रा थिएटरात. तिचं कौतुक संख्येचं नव्हतं. ती जागेवरून हलत नव्हती, त्याचं होतं. आणि 'स्वान लेक'मध्ये तेच ३२ ओदिलला दिले आहेत. कपटी ओदिल राजपुत्राची अक्कल गुंगवते आहे, ती दुसरं काय करणार? लेन्यानी एकाच रात्री हंसकन्या ओदेत आणि तिची तोतया ओदिल दोन्ही नाचली, हेही धाग्यात यायला हवं होतं.

अवांतर: 'इटालियन फुएते' नावाचं पाऊल वेगळं आहे. त्यात पाय तिरका वर समोर जातो, खाली येऊन वळताना मागे अतित्यूदमध्ये (पाय मागे, गुडघ्यात वाकलेला) संपतो. 'दॉन किहोते'तल्या वनदेवींच्या राणीच्या नाचात बघायला मिळतं. बरेच जण दोन्ही एकच समजतात.

पिटातला प्रेक्षक

एकाच पदाला चार-चार वन्समोअर घेणाऱ्या आपण मराठी लोकांनी ३२ मोजणाऱ्या रशियनांना हसू नये एवढंच म्हणतो.

जुनी पोथी

धागाकर्ते, "डोकं पॅरिसचं" हे वाक्य टाळ्या घेईल, पण टिकणार नाही.

अभिनयातून पूर्ण गोष्ट सांगणारा बॅले हे फ्रेंच नृत्यरचनाकार नोव्हेरचं काम असं फ्रेंच पुस्तकं सांगतात, कारण त्याची पत्रं १७६०मध्ये छापली गेली. पण फ्लॉरेन्सचा गास्पारो अंजोलिनी १७६१मध्ये व्हिएन्नात ग्लुकच्या संगीतावर 'डॉन जुआन' बसवून मोकळा झाला होता. १७७३मध्ये त्याने नोव्हेरला उद्देशून पत्रंच छापली आणि श्रेयावरून उघड भांडण केलं. नोव्हेर कथानकाचं छापील टिपण प्रेक्षकांच्या हातात द्यायचा. अंजोलिनीचं म्हणणं, टिपण वाचल्याशिवाय नाच कळत नसेल तर तो फसला. आजही हा प्रश्न सुटलेला नाही.

व्हिगानोकडे या. १८०१मध्ये व्हिएन्नात त्याच्या 'प्रोमेथ्यूस'ला संगीत बेथोव्हनने दिलं. मग मिलानमध्ये ला स्कालावर 'प्रोमेतेओ' १८१३, 'ओतेल्लो' आणि 'ला व्हेस्ताले' १८१८, 'इ तितानी' १८१९. कोरसमधल्या प्रत्येकाला वेगळी हालचाल आणि ती सुरांशी बांधलेली, ही त्याची पद्धत. स्तांदालसारखा फ्रेंच लेखक त्यासाठी वेडा झाला होता. हे डोकं नव्हे तर काय?

काम टिकलं नाही, कारण इटलीतलं नाटकघर मोसमावर चालायचं. २६ डिसेंबरला कार्निव्हलचा मोसम उघडणार, त्यासाठी नवे ऑपेरे, नवे बॅले. ठेकेदाराने भाड्याने घेतलेली मंडळी मोसम संपला की पांगणार. ऑपेराची स्वरलिपी छापली जायची, म्हणून तो जगला. बॅलेचं छापलं जायचं ते मुख्यतः कथानकाचं चोपडं. पॅरिस ऑपेरा आणि पीटर्सबर्ग या राजाश्रयाच्या, पगारी कायम मंडळींच्या संस्था होत्या, तिथे तालमीतून तालमीत नाच वाहत राहिला. त्यामुळे "टिकलेला बॅले दाखवा" ही कसोटी कलेची नाही, नोकरीच्या अटींची आहे.

आता कार्लो ब्लाझिस. नेपल्सचा, पॅरिसला नाचलेला. १८२०मध्ये मिलानमध्ये त्याचा ग्रंथ आला, फ्रेंचमध्ये लिहिलेला, आकृत्यांसकट. अतित्यूद ही स्थिती त्याने शिल्पकार जाम्बोलोन्याच्या 'मर्क्युरी' या ब्राँझ पुतळ्यावरून मांडली: वजन एका पायावर, दुसरा मागे गुडघ्यात वाकलेला, त्या बाजूचा हात वर. १८३०च्या दशकाच्या अखेरीपासून तो आणि त्याची बायको अनुन्चाता रामाच्चीनी ला स्कालाची शाळा चालवत होते. रोज ३ तास नृत्य, १ तास मूकाभिनय, ८ वर्षं. इटालियन नर्तिकेला अभिनय येत नाही म्हणणाऱ्यांनी तो रोजचा एक तास लक्षात घ्यावा.

'स्लीपिंग ब्यूटी'तला रोझ अदाजिओ हा संथ नाच आठवा. नायिका अरोरा अतित्यूदमध्ये उभी, चार राजपुत्र आळीपाळीने हात धरून तिला फिरवतात, प्रत्येक हात सुटल्यावर ती एकटी तोल धरते. पहिली अरोरा कार्लोत्ता ब्रियान्झा, ला स्कालाची. नृत्यरचनाकार पेतिपाने ते पाऊल तिच्या घोट्याकडे बघून बांधलं आहे. ब्लाझिसची पोझ, मिलानचा घोटा, श्रेय पीटर्सबर्गला.

तिसरी घंटा

पोथीबुवा, दंडवत. पण तुम्ही माझंच म्हणणं पुढे नेताय. ब्रियान्झाचा घोटा हे साहित्य झालं. त्यातून अरोरा घडवली पेतिपाने, जो मार्सेयचा. 'जिझेल'ही तसंच. पहिली जिझेल कार्लोत्ता ग्रिसी इस्त्रियातल्या व्हिझिनादाची, मिलानमध्ये शिकलेली, पण गोष्ट गोत्येची, संगीत आदांचं, नाच कोराल्ली आणि पेरोचे. चौघेही फ्रेंच.

'ला सिल्फीद'ची पहिली नायिका मारिया ताल्योनी, तिला तर इटालियन म्हणताना जरा जपून. जन्म स्टॉकहोमचा, आई स्वीडिश, शिक्षण पॅरिसला नृत्यशिक्षक कुलोंकडे.

जुनी पोथी

कोराल्ली फ्रेंच? पॅरिसला जन्मला एवढंच. घराणं बोलोन्याचं, खरं आडनाव पेराचीनी.

ताल्योनीचं म्हणाल तर कुलोंने तिला पहिले धडे दिले. मंचावर उभी राहणारी ताल्योनी बापाने घडवली, व्हिएन्नात, १८२२च्या पदार्पणाआधी. बाप फिलिप्पो मिलानचा. दिवसाला ६ तास: २ तास पायांचे व्यायाम, २ तास संथ पोझेस, २ तास उड्या. संथ भागात एकेक स्थिती धरून १००पर्यंत मोजायचं. १८३२ची 'ला सिल्फीद' बसवली तीही फिलिप्पोनेच. तुमच्या यादीतलं पहिलंच नाव इटालियन माणसाचं निघालं, बघा.

आणि डोक्याचाच प्रश्न असेल तर खड्ड्यातल्या माणसाकडे, म्हणजे वाद्यवृंदाच्या खड्ड्याकडे, बघा. पादुआचा रिकार्दो द्रिगो. 'स्लीपिंग ब्यूटी', 'नटक्रॅकर' आणि १८९५चा 'स्वान लेक' या तिन्हींचा पहिला प्रयोग त्याने चालवला. संगीतकार चायकोव्हस्की १८९३मध्येच वारला होता, त्यामुळे 'स्वान लेक'ची नवी जुळणी द्रिगोने केली. ओदिलचं आज नेहमी ऐकू येणारं एकल नृत्य मुळात चायकोव्हस्कीचा पियानोचा तुकडा आहे, ओपस ७२मधला बारावा. वाद्यवृंदासाठी तो द्रिगोने बांधला. त्याच्या आधीच्या पिढीत जिनोआचा चेझारे पुन्यी होताच, 'एस्मेराल्दा' आणि १८४५च्या 'पा द कात्र'चा (चौघींच्या नृत्याचा) संगीतकार. त्या 'पा द कात्र'मध्ये चौघींपैकी ताल्योनी, ग्रिसी, चेरितो या तिघी इटालियन, एकटी लुसील ग्रान डेन्मार्कची.

साटीन आणि सरस

सगळे पोझ आणि पितृत्वावर बोलताहेत, बुटांवर कोणी बोलेना. सर्कस म्हणा की कला म्हणा, हा बदल आधी चपलेत झाला.

ताल्योनीचे बूट जपून ठेवलेले आहेत. साटीनचे मऊ, तळाला पातळ कातडं, टोकाला कडक डबी नाही. टोक आणि कडा दोऱ्याने दाट रफू केलेल्या, म्हणजे कापड फाटू नये आणि बोटांना जरा आवळ मिळावा. अशा बुटात बोटावर चढता येतं, क्षणभर थांबता येतं, पण भार सगळा घोट्यावर आणि पायाच्या लहान स्नायूंवर. गिरकी जास्तीत जास्त एक-दोन. म्हणून त्या काळातलं बोटांवरचं नृत्य हे टेकून निघून जाण्याचं होतं. टोकावर चढायचं तंत्र ताल्योनीचंही नाही. आमालिया ब्रुन्योली १८२३मध्ये व्हिएन्नात ते करत होती, हात वर खेचून, दिसेल असा जोर लावून. ताल्योनीने तो जोर लपवला.

मिलानच्या कारागिरांनी १८८०च्या आसपास टोकाला डबी केली. कापड आणि कागदाचे थर, मध्ये खळ किंवा सरस, साच्यावर वाळवलेले, वरून साटीन. पुढचा भाग सपाट, तळाची पट्टी ताठ. आता टेकायला एक छोटी फळी मिळाली आणि ताठ तळामुळे चवडा मोडत नाही. लेन्यानीच्या ३२मागे ही फळी आहे. रशियन बूट त्या वेळी मऊ होते, त्यामुळे तिथल्या मुलींना नुसतं बघून ते जमेना. माथिल्दा क्शेसिन्स्काने इटालियन पद्धतीने शिकून घेतलं तेव्हा कुठे पहिल्या रशियन नर्तिकेचे ३२ झाले. पुढे आन्ना पावलोव्हासुद्धा मिलानच्या निकोलिनीकडून बूट मागवत राहिली.

तोटा काय ते सांगायला हवं. खळ घामाने विरघळते. डबी मऊ पडली की बोटं आत खचतात, अंगठ्याचं टोक थेट जमिनीवर येतं, घोटा बाहेर कलतो आणि तिथेच मुरगळतो. डबी फार कडक ठेवली तर उडी मारून उतरताना खटखट आवाज येतो आणि पाय चवड्यातून घरंगळत खाली येत नाही, एकदम आपटतो. म्हणूनच इटालियन आणि रशियन पद्धतीत बोटावर चढतात ते छोट्या उसळीने, टोक खाली ओढून घेत. हळूहळू घरंगळत चढायची फ्रेंच पद्धत मऊ बुटाला सोयीची. शैलीचे निम्मे वाद असे तळपट्टीतून निघतात.

हिशेबनीस

धागाकर्त्यांनी उचललेला खरा प्रश्न बाजूला पडतोय. १८४५मध्ये जगातल्या पहिल्या चार नर्तिकांत तीन इटालियन, १८९५मध्ये पीटर्सबर्गची सर्वोच्च नर्तिका इटालियन, आणि १९२०पर्यंत इटलीतच बॅले ओस पडलेला. का? "मान्झोत्तीने भपका केला म्हणून" हे उत्तर अर्धवट आहे.

इटलीच्या एकीकरणानंतर सरकारने राजघराण्यांच्या थिएटरांचं अनुदान काढून घेतलं (१८६७) आणि ती नगरपालिकांच्या गळ्यात बांधली. नगरपालिकेत प्रश्न ठरलेला: गरिबांच्या करातून श्रीमंतांचा नाच कशाला? १८९७मध्ये मिलानने ला स्कालाची रक्कम रोखली आणि ते नाटकघर एक मोसम चक्क बंद राहिलं, बॅलेच्या शाळेसकट. पुढे महायुद्धात, १९१७मध्ये, शाळा पुन्हा बंद पडली ती १९२१मध्ये उघडली.

दुसरं, ऑपेरा लांबला. पूर्वी ला स्कालावर ऑपेराच्या अंकांच्या मध्ये मोठा बॅले असायचा, एका तिकिटात दोन्ही. व्हेर्दीचे उत्तरकाळातले ऑपेरे आणि वाग्नेर आल्यावर मध्ये तोडणं लोकांना खपेना. बॅले शेवटाला ढकलला गेला, तोपर्यंत प्रेक्षक घोडागाडी शोधायला बाहेर.

या परिस्थितीत मान्झोत्तीचा धंदा कळतो. तिकीट खेचायचं तर डोळे दिपले पाहिजेत. 'एक्सेल्सिअर'मधली बहुतेक माणसं नर्तक नव्हतीच. कवायतीसारखं रांगेत चालायचं, ठरलेल्या मात्रेवर हात वर, वळायचं, नवी आकृती करायची. ८ वर्षं शिकलेल्यांची गरज फक्त पुढच्या रांगेला. हे गणित गावोगाव चाललं, पॅरिसच्या ईडन थिएटरातही १८८३मध्ये चाललं. पण 'आमोर' (१८८६), 'स्पोर्ट' (१८९७) करत आकडा चढत गेला आणि खर्च झेपेना. दरम्यान शाळेतून निघालेल्या चांगल्या मुलींना लंडनच्या अल्हाम्ब्रा आणि एम्पायरचे, बर्लिनचे, पीटर्सबर्गचे करार मिळत होते. कोण थांबेल?

रशियात त्या गेल्या त्यामागेही कायदा आहे. १८८२पर्यंत राजधानीत नाटकं करायची मक्तेदारी शाही थिएटरांची. ती उठली आणि बागांमध्ये खासगी उन्हाळी थिएटरं निघाली. झुक्की १८८५मध्ये अशाच एका बागेत नाचली आणि इतकी गर्दी झाली की शाही थिएटरला तिला बोलवावं लागलं. चेकेत्ती १८८७मध्ये 'एक्सेल्सिअर' घेऊन त्याच वाटेने आला. आणि झुक्की गाजली ती अभिनयासाठी, गिरक्यांसाठी नव्हे, हे धागाकर्त्यांच्या "सर्कस" सिद्धान्तात कुठे बसतं ते सांगावं.

तिसरी घंटा

झुक्की अपवाद आहे, आणि तिला रशियात मान मिळाला तोही "ती बाकीच्या इटालियनांसारखी नाही" म्हणूनच. बाकी अनुदानाचा मुद्दा पटण्यासारखा, पण त्याने निष्कर्ष बदलत नाही. घर रिकामं का झालं ते तुम्ही सांगितलंत, भरलेलं होतं असं सिद्ध होत नाही.

बार धरून

मुंबई-पुण्यात वर्गात जाणाऱ्यांसाठी एक जोड देतो. इथल्या बहुतेक वर्गांत लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्सचा अभ्यासक्रम चालतो. ती संस्था १९२०मध्ये निघाली तेव्हा पाच जणांनी पाच पद्धतींची सरमिसळ केली आणि त्यात इटालियन बाजू लुचिया कोरमानीची होती. म्हणजे दादर-कोथरूडच्या पोरी अजाणता मिलानचाही वाटा गिरवतात.

शुद्ध इटालियन परंपरा हवी तर एन्रिको चेकेत्ती. रोममध्ये एका थिएटरच्या कपडे बदलायच्या खोलीत १८५०मध्ये जन्म, गुरू जोव्हान्नी लेप्री, लेप्रीचे गुरू ब्लाझिस. १८९०च्या 'स्लीपिंग ब्यूटी'त तो एकाच प्रयोगात दुष्ट काराबोस आणि निळा पक्षी दोन्ही नाचला, चाळिशीला टेकलेला असताना. पावलोव्हा, कार्साव्हिना, निजिन्स्की त्याच्याकडे शिकले. मुंबईने १९२२-२३च्या दौऱ्यात पावलोव्हा पाहिली तेव्हा तिच्या पायांत ही तालीम होती.

त्याची पद्धत वारांची. सोमवारी असांब्ले, मंगळवारी पती बात्मां, बुधवारी रों द जांब, गुरुवारी जते (ही सगळी पावलांची नावं), असा आठवड्याचा ठरलेला पाठ. बारवरचं (आधाराच्या दांड्याजवळचं) काम आखूड, रोज तेच, मग मध्यभागी त्याचीच आवृत्ती, मग त्या वाराच्या पावलांच्या जोडण्या. ८ पोर द ब्रा (हातांच्या हालचाली), ५ अरबेस्क (एक पाय मागे ताणलेल्या स्थिती), शरीराच्या ८ दिशा. कशासाठी? शिक्षकाच्या लहरीवर शरीर सोडायचं नाही. आठवड्यात कुठला स्नायू उपाशी राहायला नको आणि कुठला रोज दमायलाही नको. याला सर्कस म्हणायचं तर मग रियाजालाही म्हणा.

नाकासमोर

वारांची पद्धत कागदावर छान आहे. व्यवहारात विद्यार्थ्याला गुरुवारच्या जोडण्या तोंडपाठ होतात आणि अनोळखी जोडणी आली की तो गडबडतो. रशियन शिक्षिका आग्रिपिना वागानोव्हा हे ओळखून होती. ती प्रेओब्राझेन्स्काकडून शिकली, प्रेओब्राझेन्स्का चेकेत्तीकडून, त्यामुळे ऐकीव टीका नव्हे. तिने इटालियनांकडून गिरकीचा जोर, पाठीचा कणा आणि तोल घेतला. टाकलं काय, तर कोपरातून मोडलेले हात आणि उडीत पोटाशी घेतलेले पाय. १९३४च्या तिच्या पुस्तकात हा हिशेब उघड मांडला आहे. अरबेस्कही पाचाचे चार केले.

इटालियन पाया हवाच, पण नुसत्या पायावर राहता येत नाही. धागाकर्त्यांशी इथपर्यंत सहमत.

बार धरून

अनोळखी जोडणीत गडबडणं हा शिकवणाऱ्याचा दोष. चेकेत्ती स्वतः रोजच्या ठरलेल्या पाठानंतर नव्या जोडण्या द्यायचा. छापील पुस्तिका १९२२मध्ये लंडनला आली, तिला लोकांनी वर्ग समजून घेतलं. आणि कोपराचं म्हणाल तर चेकेत्तीच्या जुन्या छायाचित्रांत हात गोल आहेत. टोकदार कोपर होते ते त्याच्या आधीच्या मंडळींचे.

१९२५मध्ये वाद्यवृंद-संचालक तोस्कानिनीने त्याला ला स्कालाच्या शाळेवर परत बोलावलं. तीनच वर्षं मिळाली, १९२८मध्ये तो गेला. पीटर्सबर्ग, वॉर्सा, लंडन फिरून ब्लाझिसची विद्या मिलानला परत आली ती अशी.

हिशेबनीस

आणि नंतरचं? ट्राम चालवणाऱ्याची मुलगी कार्ला फ्राच्ची त्याच शाळेतून निघून १९५८मध्ये ला स्कालाची प्रिमा (मुख्य नर्तिका) झाली, जिझेल म्हणून जगभर ओळखली गेली. पुढे अलेस्सान्द्रा फेर्री, रोबेर्तो बोल्ले. माणसं अजूनही निघतात, टिकायला जागा नाही. इटलीत १४ मोठी सरकारमान्य ऑपेरा प्रतिष्ठानं आहेत, त्यांतल्या फक्त ४ ठिकाणी कायम बॅले-मंडळी उरली: मिलान, रोम, नेपल्स, पालेर्मो. फ्लॉरेन्सची गेली, व्हेरोनाची गेली. १८६७चाच खेळ चालू आहे.

तिसरी घंटा

फ्राच्चीचं नाव घेतलंत, बरं झालं. ती कशासाठी ओळखली जाते? जिझेल. फ्रेंच बॅले. टिकलेला इटालियन बॅले अजून एकानेही दाखवला नाही. 'एक्सेल्सिअर' १९६७मध्ये फ्लॉरेन्सला उभा केला तो नव्याने रचून.

गिरकी

तर मग पेतिपाचा 'स्वान लेक'ही तसाच आहे, प्रत्येक मंडळी त्यात हवं ते बदलते. पण ते ३२ सहसा कोणी काढायला धजत नाही. काही मोठ्या नर्तिकांनी ते गाळून मंचाभोवती गिरक्यांचा फेर घेतला, त्यांच्या त्या गाळण्याची चर्चा आजही होते. धागाकर्ते, इटलीत बसवलेलं नसेल, पण इटलीतून आलेलं आणि अखंड टिकलेलं हवं होतं ना? हे घ्या.

पुढच्या वेळी चित्रमुद्रण बघताना वर बघू नका. मंचावरच्या लिनोलियमचा एखादा सांधा किंवा चिकटपट्टी हेरून ठेवा आणि उभा पाय त्याच्यापासून किती हलतो ते पाहा. एका पावलाच्या लांबीत राहिला तर उत्तम. दोन पावलं पुढे आली तर पाय समोर रेंगाळतोय. मागे सरकत असेल तर ती टाचेवर बसते आहे. मंडळींनी नावं टाकावीत, कोणाकोणाचा पाय हलत नाही ते.